कलमाचा पहिला मोहोर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रजचा बोगदा मागे पडला की रस्ता शिवगंगेच्या खोऱ्यात उतरतो. खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडला की थोड्याच वेळात शिवरे येते. गाडी शंभराच्या वेगात असेल तर ते केव्हा आले आणि केव्हा गेले, हे कळतही नाही. भोर तालुक्यातले हे छोटे गाव. उजव्या हाताला डोंगरापलीकडे सिंहगड, समोर पुढे राजगड-तोरण्याचा मुलूख. महामार्ग आधी चौपदरी आणि मग सहापदरी झाला, त्यात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. त्यांत आंबेही होते. त्या आंब्यांपैकी काहींची चव मला अजून आठवते. आज मात्र त्यांच्याविषयी थोडे आणि त्यांच्यानंतर आलेल्या कलमांविषयी अधिक बोलणार आहे.

मी काही इतिहाससंशोधक नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो. पण आमचे घराणे बागवानांचे. ‘बागबान’ हा मूळ फारसी शब्द, अर्थ माळी, बाग राखणारा. महाराष्ट्रात बागवान म्हणजे बहुतेक करून फळांचा आणि भाजीचा व्यापारी. आमचे आजोबा आणि नंतर अब्बा या खोऱ्यातले रायवळ आंबे मोहोरावर उक्ते घ्यायचे. म्हणजे असे, की झाड शेतकऱ्याचे आणि त्या वर्षीचे फळ आमचे. माघ-फाल्गुनात अब्बा बांधाबांधाने फिरायचे. झाडाखाली उभे राहून, डोळ्यांवर हात धरून वर बघायचे, झाडाला एक फेरी मारायचे आणि आकडा सांगायचे. घासाघीस व्हायची, विसार दिला जायचा. त्यानंतर तुडतुडा पडला, गारपीट झाली, वावधान सुटले तर नुकसान आमचे. चैत्रात खोपटे घालून राखण, पाडाला लागला की झेल्याने उतरवणे, भाताच्या पेंढ्यात अढी आणि मग पाट्या भरून पुण्याची मंडई. झाडाच्या मालकाला शेवटी शंभर-दीडशे आंब्यांचा वानवळा जायचा. तो चुकवला तर पुढच्या वर्षी झाड मिळत नसे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच, की मोहोराकडे बघण्याचे दोन डोळे असतात. एक उक्ते घेणाऱ्याचा, तो यंदाचे फळ मोजतो. दुसरा झाड लावणाऱ्याचा. अब्बांना पहिला डोळा वारशात मिळाला होता. दुसरा त्यांना वयाच्या साठीच्या जवळ उघडावा लागला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

आंब्याचा इतिहास आमच्या या खोऱ्यात सांगायचा तर सुरुवात शिवापूरच्या आमराईपासून करावी लागते. दादोजी कोंडदेवांनी शहाजीराजांच्या नावाने इथे आंब्याची बाग लावली, तिला शहाबाग म्हणत, अशी कथा बखरींत आहे. बागेतले फळ कोणी तोडू नये असा हुकूम होता. एके दिवशी स्वतः दादोजींनीच नकळत एक आंबा तोडला. लक्षात आल्यावर ते आपला हात तोडायला निघाले. लोकांनी आवरले, तेव्हा त्यांनी अंगरख्याची एक बाही आखूड करून घेतली. आपल्याकडे शाळेत ही गोष्ट न ऐकलेले मूल विरळा. बखरी घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिल्या गेल्या आणि दादोजींच्या कामगिरीविषयी अभ्यासकांत वाद आहेत, तेव्हा हे असेच घडले असा आग्रह मी धरणार नाही. पण कथा कुठल्या गोष्टीवर रचली गेली ते बघण्यासारखे आहे. बाग नवी आहे, फळ हाताशी आहे आणि ते तोडायचे नाही! ज्याने कधी नवे झाड वाढवले आहे, त्याला ही कथा शिस्तीची कमी आणि मोहाची जास्त वाटते.

दुसरा दाखला कथेतला नाही, कागदावरचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६च्या सुमारास लिहिलेल्या राजनीतीच्या ग्रंथात, आरमाराच्या लाकडाचा विषय निघतो. त्यात आंबा-फणसाचा मुद्दा असा आहे : ही लाकडेही कामाची खरी, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी पुष्कळ काळ वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. अगदी जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला आंब्याच्या झाडामागची वर्षे मोजता येत होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता ही जी ‘लेकरांसारखी वाढवलेली’ झाडे होती, ती इथे घाटावर रायवळच असणार. कोय पुरली, रोप आले, गुरांपासून राखले, आठ-दहा वर्षांनी फळ. शेप्या, गोटी, केळ्या, शेंदऱ्या, खोबऱ्या अशी त्यांची नावे. शेप्याला खरेच शेपूच्या भाजीचा वास येतो. कोणाला तो आवडतो, कोणी तोंड फिरवतो. रायवळाची एक मोठी सोय म्हणजे त्याला स्वतःचा अंदाज असतो. खोड मांडीएवढे झाल्याशिवाय, मुळे खोल गेल्याशिवाय ते फळाच्या भानगडीत पडतच नाही. लहान झाडावर किती फळे ठेवावीत, हा प्रश्न रायवळाने माणसाला कधी घातला नाही. तो प्रश्न कलमाबरोबर आला.

‘कलम’ हा शब्दच मोठा गमतीचा. मूळ अरबी, अर्थ लेखणी. बोरूला तिरपा छेद दिला की लेखणी होते, आंब्याच्या काडीला तिरपा छेद दिला की कलम. कायद्याचे कलम तिसरे. आमच्या घरात तिन्ही कलमांशी संबंध आलेला आहे, पण ते असो.

झाडाला झाड जोडायची विद्या आपल्याकडे परकी नव्हती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे, त्यात एका झाडावर दुसरे रोवण्याच्या पद्धती दिल्या आहेत. पण आंब्याच्या कलमाचा प्रसार गोव्यातून झाला आणि पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्र्यांनी तो केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. याचा एक सुंदर पुरावा निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाच्या लिखाणात सापडतो. हा गृहस्थ शहाजहानच्या अखेरच्या काळात हिंदुस्थानात आला आणि जन्मभर इथेच राहिला. उत्तम आंबे गोव्यात होतात असे सांगून तो त्यांची नावेच देतो : निकुलाव अफोन्सोचा आंबा, कोंदचा आंबा, जुवांव परेराचा आंबा... यादी बरीच लांब आहे. आंब्याला माणसाचे नाव पडले, याचा अर्थ त्या झाडाच्या नेमक्या प्रती निघत होत्या. कोयीतून आलेले झाड बहुधा आईवर जात नाही, तिथे नाव टिकत नाही. नाव टिकते ते कलमावर. अफोन्सोचा पुढे आफूस झाला, हापूस झाला. अल्बुकर्क या गव्हर्नरच्या ‘अफोन्सो’ नावावरून हापूस आला, असे आपण नेहमी वाचतो. मला मात्र मनुचीच्या यादीतला निकुलाव अफोन्सो अधिक जवळचा वाटतो. मानकुराद हे गोव्यातले लाडके नावही पोर्तुगीजच, ‘मालकोरादो’ म्हणजे रंगाने उणा. रंग उणा आणि गोवेकराच्या लेखी चवीला पहिला!

मुंबईत माझगावच्या आंब्याचा असाच लौकिक होता. १८०९ मध्ये आलेल्या मारिया ग्रॅहॅम या इंग्रज बाईंनी लिहून ठेवले आहे, की ज्या मूळ झाडावरून ही कलमे झाली त्याच्यावर फळांच्या दिवसांत शिपायांचा पहारा असतो. शहाजहानच्या काळात ताज्या आंब्यांसाठी दिल्लीपासून मराठ्यांच्या किनाऱ्यापर्यंत जासूद ठेवलेले असत, असेही त्या सांगतात. शहाजहानचा आंब्याचा शौक मोठाच होता. बुऱ्हाणपूरच्या आवडत्या झाडाचे आंबे नीट पोहोचले नाहीत म्हणून दख्खनच्या सुभेदारीवर असलेल्या औरंगजेबावर तो रुसला होता. बापलेकांच्या भांडणाची पुढची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांच्या पत्रव्यवहारात आंबाही आहे. तेच औरंगजेब म्हातारपणी मुलाने पाठवलेल्या बिननावाच्या आंब्यांना नावे देतात, तीही ‘सुधारस’ आणि ‘रसनाविलास’. औरंगजेबाविषयी वाटेल ते बोलले जाते, पण या दोन नावांविषयी कोणी बोलत नाही.

त्या बुऱ्हाणपूरच्या झाडाचा त्या साली विसावा असेल, ही शक्यता बादशहाने धरली होती की नाही कोण जाणे. वास्तविक त्याच्या आजोबांच्या दरबारात हे नोंदवले गेले होते. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आंब्यावर चांगला मजकूर आहे. लावल्यापासून चार वर्षांनी झाड फळू लागते, एका साली भरघोस येते आणि पुढच्या साली कमी, काही झाडे तर एक वर्ष मुळीच धरत नाहीत, असे तो म्हणतो. फळ गोड व्हावे म्हणून लोक झाडाभोवती दूध आणि काकवी ओततात, हेही त्यात आहे. दुधाचे राहू द्या, पण आड वर्षाचे निरीक्षण चोख आहे. हापूस आजही तेच करतो.

का करतो? आंब्याचा मोहोर फांदीच्या टोकाला येतो. ज्या फांदीने यंदा फळ पोसले, तिला नवी पालवी काढायला ताकद उरत नाही. पालवी वेळेवर आली नाही, ती जून झाली नाही, तर पुढच्या थंडीत त्या टोकाला मोहोर नाही. मोठे झाड एक वर्ष विसावते आणि सावरते, कारण त्याच्या खोडात-मुळात शिल्लक असते. दोन वर्षांच्या कलमापाशी ही शिल्लकच नसते. आणि नेमके तेच कलम मोहोरायची घाई करते, कारण त्याच्या वरची काडी मोठ्या, फळत्या झाडाची आहे. काडीचे वय पंचवीस आणि खालच्या मुळांचे वय दोन. नवऱ्या मुलाचा फेटा पोराच्या डोक्यावर बांधावा, तसा प्रकार.

पूर्वी ही अडचण थोड्याच लोकांची होती, कारण कलमेच थोडी होती. भेटकलमासाठी कुंडीतले रोप उचलून मोठ्या झाडाच्या फांदीपाशी न्यायचे, माच बांधून टेकवायचे, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचे आणि दोन-तीन महिने वाट बघायची. एका झाडावर अशी किती रोपे टेकणार? म्हणून कलम महाग, बागाइतदाराच्या आणि संस्थानिकाच्या ऐपतीचे. पुण्यात गणेशखिंडीची सरकारी बाग १८७३ मध्ये झाली, तिथे ठिकठिकाणच्या जाती आणून लावल्या गेल्या. तिचे अधीक्षक राहिलेले जी. मार्शल वुड्रो यांनी १९०४ मध्ये आंब्यावर पुस्तक काढले. मग १९२१ मध्ये बर्न्स आणि प्रयाग यांचे पुस्तक आले. प्रयाग हे आपलेच मराठी गृहस्थ, मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातले. ती बाग आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. पुण्याच्या गर्दीत विद्यापीठ चौकातून जाताना माझे लक्ष अजून तिकडे जाते.

खरा पालट झाला तो कोयकलमाने. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले आणि त्या दशकात तिथे कोयकलमाची पद्धत बसवली गेली. कोय रुजून आलेले पंधरा-वीस दिवसांचे तांबूस पानांचे कोवळे रोप घ्यायचे, ते शेंड्याकडून छाटून उभी चीर द्यायची, तिच्यात मोठ्या झाडाच्या काडीची पाचर बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. माच नको, कुंड्या उचलणे नको. एक कुशल माणूस दिवसात शेकडो कलमे बांधू लागला. त्यानंतर १९९०-९१ मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली. खड्डे, रोपे, खत यांचा खर्च सरकारचा, अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, झाडे जगलेली दिसली तर. ज्यांच्या बापजाद्यांनी कलम फक्त दुसऱ्याच्या बागेत पाहिले होते, त्यांच्या मुरमाड उतारांवर कलमे आली. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर आली. आमच्याही.

आमचा एकच एकर, शिवऱ्याच्या वरच्या अंगाला, नाचणी-वरईच्या लायकीचा. १९९२ च्या पावसाळ्यात अब्बांनी तिथे केशरची चाळीस कलमे लावली, दहा-दहा मीटरवर. केशर ही जुनागढची जात. सालेभाई नावाच्या गृहस्थांच्या झाडावरून तिची कलमे झाली म्हणून आधी ‘सालेभाईंनी आंबडी’, आणि १९३४ मध्ये नवाब महाबतखानांनी आतला रंग पाहून तिला ‘केशर’ म्हटले. अब्बांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी केशर निवडला तो मंडईतला भाव बघून.

पुढच्याच जानेवारीत सहा-सात कलमांना मोहोर आला. कंबरेएवढी रोपे आणि त्यांच्या डोक्यावर हातभर तुरे. अब्बा रोज सकाळी जाऊन बघून यायचे. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्यांचा मोहोर मोजला होता, हा पहिला स्वतःचा. फेब्रुवारीत कृषी सहायक जगलेली झाडे मोजायला आले. ते म्हणाले, ‘‘भाई, हे सगळं खुडून टाका. चार वर्षं फळ धरायचं नाही.’’ अब्बांनी मान हलवली आणि ते गेल्यावर माझ्याकडे बघितले. मला वाटते, त्यांना कोणी नमाज सोडायला सांगितले असते तर त्यांचा चेहरा तसाच झाला असता. दादी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, ‘‘फूल कोई तोडता क्या रे?’’

तरी त्यांनी दोन दिवसांनी खुडला, सगळा, अगदी डोळ्यापासून. थंडी अजून होती. पंधरा-वीस दिवसांत खुडल्या जागेच्या बगलेतून नवे तुरे बाहेर आले. अब्बा म्हणाले, ही अल्लाची मर्जी, आता हात लावत नाही. मला पुढे वाचनात कळले, की त्यात मर्जीइतकाच थंडीचाही हात असतो. गारवा असताना शेंड्याचा मोहोर काढला तर बाजूच्या डोळ्यांतून पुन्हा मोहोरच फुटतो, उन्हाळा लागल्यावर काढला तर पालवी फुटते. म्हणून घाई करायची नसते. आंब्याच्या एका तुऱ्यावर हजारावर फुले असतात आणि शेवटपर्यंत टिकते एखाद-दुसरे फळ. झाड स्वतःच पुष्कळ गाळते. कणी धरू द्यावी, वाटाण्याएवढी होऊ द्यावी, उन्हे तापू द्यावीत आणि मग तुरा मधून कापावा, बुडखा ठेवून. झाडाने फुलावर केलेला खर्च फारसा नसतो. खरा खर्च कैरी सुपारीपासून अंड्याएवढी होताना, कोय भरताना होतो. तो वाचवायचा.

हे तेव्हा कोणाला ठाऊक होते! त्या वर्षी एका कलमावर पाच कैऱ्या राहिल्या. खोड अंगठ्याएवढे. अब्बांनी त्याला दोन काठ्यांचा आधार दिला, कैऱ्यांना फडके बांधून झोळ्या केल्या. मे महिन्यात वळवाचे वारे आले आणि त्या झोळ्यांसकट कलम वाकले. मोडले नाही, पण तीन कैऱ्या पडल्या, दोन उरल्या त्या पिळपिळीत झाल्या. पावसाळ्यात बाकीच्या कलमांना तीन-तीनदा पालवी आली, या एकाला आली नाही. पुढची किती तरी वर्षे ते रांगेत बुटके दिसायचे. अब्बा त्याला ‘हावरट’ म्हणायचे, आणि आपण कोणाला म्हणतोय ते त्यांना चांगले ठाऊक होते.

शिवापूरला हजरत कमर अली दरवेश यांचा दर्गा आहे. तिथली गोटी अकरा जण एकेक बोट लावून, बाबांचे नाव घेऊन उचलतात. अब्बा त्यानंतर कोणी नवखा शेतकरी भेटला, की हाच दाखला द्यायचे. गोटी उचलायला अकरा बोटे लागतात, तुझ्या कलमाला मुळ्या किती आहेत बघ आधी. त्यांनी स्वतःसाठी एक मापही ठरवले होते. वितीवर खोडाला अंगठा आणि तर्जनी यांचा वेढा घालायचा. बोटे एकमेकांना भेटली तर एकही फळ ठेवायचे नाही. हे काही विद्यापीठाचे शास्त्र नव्हे, पण आमच्या रानात चालले.

१९९५च्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी स्वतःचा नियम मोडला आणि तो मुद्दाम मोडला. ज्या झाडांची तब्येत चांगली होती, त्यांच्यावर प्रत्येकी एकच फळ ठेवले. कारण व्यापाऱ्याचे होते. कलमे एका रोपवाटिकेतून आली होती आणि त्यांच्या मनात शंका होती. पान चोळून वास घेतला तर काही झाडांचा वास केशरचा नव्हता. पाचव्या वर्षापर्यंत मोहोर खुडत राहायचे आणि मग कळायचे, की आपण दुसरेच काही वाढवले? फळ ठेवू नये हा नियम बरोबर, पण त्या नियमाआड फसवणूकही सुखाने लपते, हे फार थोडे लोक बोलतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात अढी उघडली. तेहतीस फळांपैकी सात केशर नव्हती. खालच्या खुंटाची फूट वाढली असती तर तिसऱ्या वर्षी फळलीच नसती. म्हणजे काडीच कुठल्या तरी रायवळाची भरली होती. अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत.

दादीने मात्र त्या सातांतला एक आंबा चोखून बघितला आणि हसायला लागली. शेप्या होता. तिच्या माहेरच्या बांधावर शेप्याचे झाड होते म्हणे. दात नव्हते, त्यामुळे धागा-रेशाची तक्रार नव्हती. नियाजच्या ताटात केशर ठेवले, तिने बाजूला आपला शेप्या घेतला.

सातांपैकी सहा झाडे अब्बांनी त्या पावसाळ्यात गुडघ्याएवढी ठेवून कापली. फूट आली, तिच्यावर खात्रीच्या झाडाची केशर काडी भरून घेतली. म्हणजे त्या सहांसाठी पुन्हा पहिल्यापासून मोहोर खुडणे, आणखी तीन वर्षे. सातवे दादीसाठी राहिले. बाकीच्यांना १९९७ मध्ये, पाचव्या उन्हाळ्यात, फळ धरले. तेही झाडागणिक पंधरा-वीसच्या वर जाऊ दिले नाही, वरचे वाटाण्याएवढे असताना काढून टाकले. त्या मोसमात दोन व्यापारी मोहोरावर बाग मागायला आले. भाव चांगला होता. अब्बांनी दिली नाही. उक्ते घेणारा फळ विरळ करत नाही, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. मला एकदा म्हणाले, खोऱ्यातली दोन-तीन झाडे माझ्यामुळे लवकर म्हातारी झाली असतील. एवढेच. पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या तीस वर्षांत पुष्कळ बदलले. दापोलीच्या शिफारशीने पॅक्लोब्युट्राझोल आले, त्याने पालवी आवरते आणि पूर्ण वाढलेला हापूस दरवर्षी धरायला तयार होतो. ते मोठ्या झाडासाठी, घेरावर माप काढून, खतपाण्याची जोड देऊन वापरायचे औषध आहे. लहान कलमांवर घाईने ओतलेलेही मी पाहिले आहे. आता लागवडही दाट झाली. दहा मीटरऐवजी पाच-पाच मीटरवर, एकरात चाळीसऐवजी एकशेसाठ झाडे. ठिबक, दरवर्षी छाटणी, झाड बुटकेच ठेवायचे. दाट बागेत लोक तिसऱ्या वर्षीही थोडे फळ धरतात आणि पाणी-खत चोख असेल तर ते झेपतेही. अब्बांच्या काळातला चार वर्षांचा नियम जसाच्या तसा लावावा असे मी म्हणणार नाही. पण आमच्या मुरमात आणि फेब्रुवारीनंतर आटणाऱ्या विहिरीवर काय झेपते, हे पुस्तकातल्या तक्त्यावरून ठरत नाही.

माझ्या पुतण्याने २०२२ मध्ये जुन्या बागेच्या खालच्या अंगाला अर्धा एकर अशी दाट केशर लावली. मोबाइलवर बघून बघून त्याचे ज्ञान माझ्यापेक्षा पुढे गेले आहे. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी मी शिवऱ्याला गेलो, तेव्हा कणी वाटाण्याएवढी झाली होती. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. दादीचा शेप्या अजून आहे, त्याचे आंबे कोणी विकत घेत नाही, खारी आणि पोरे खातात. पुतण्या हातात कात्री घेऊन रांगेने चालला होता. बऱ्याच झाडांवर त्याने आठ-दहा तुरे राखले होते, बाकीचे मधून कापले होते. शेप्याच्या सावलीतल्या चार झाडांपाशी तो थांबला.

‘‘चाचा, यांना किती ठेवू?’’

मी खाली बसून पहिल्या झाडाच्या खोडाला वितीवर अंगठा आणि तर्जनी लावून बघितली. मग दुसऱ्याला. बोटे भेटत होती.

‘‘एकही नको,’’ मी म्हटले.

त्याने एकदा तुऱ्याकडे बघितले आणि कात्री चालवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)